वसंतरावांच्या घड्याळाची चावी

वसंतराव घारपुरे या माणसाचा मला सुरुवातीला फार राग यायचा. प्रताप नगरच्या हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट, एक त्यांचा आणि एक माझा, दारं समोरासमोर. मी दार नुसतं ओढून घेऊन खाली भाजीच्या ठेल्यावर जावं, तर परत येईपर्यंत हे जिन्यात पहाऱ्याला उभे. "मीनाक्षीताई, दार उघडं टाकून गेलात." माझे यजमान एक्साइजमध्ये होते. बदल्यांच्या पायी अर्धा देश हिंडून आम्ही जयपुरात स्थिरावलो, आणि ते इथेच गेले. मुलगा बंगळुरात आहे. चोरानं न्यावं असं माझ्या घरात काही असेल तर तो एक कूलर, आणि तोही इतका खडखडतो की चोर रस्त्यातूनच परत आणून ठेवील. एकदा मी फाडकन म्हटलं, "भाऊजी, चोर आला तर त्याला बसवून ठेवा, मी कोथिंबीर घेऊन येतेच." ते हसले नाहीत. कुलपाच्या बाबतीत ते कधीच हसत नसत.

ते स्वतः बाहेर पडायचे तेव्हा मात्र बघण्यासारखं असायचं. दार लावायचे, किल्ली फिरवायची, कडी धरून तीनदा ओढून बघायची. किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात. मग तिथेच, दाराकडे तोंड करून, डावं मनगट वर धरायचं आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं घड्याळाला चावी द्यायची. किर्र किर्र, किर्र किर्र. ती अडली की स्वतःशीच "झालं" म्हणायचं आणि जिना उतरायचा. पोस्टात जायचं असो की पुदिना आणायला, यात बदल नाही. माझ्या नागपूरच्या बहिणीनं एकदा दाराच्या फटीतून हे सगळं पाहिलं आणि मला विचारलं, "पूजा करून राहिले का हे?"

घड्याळ जुनं, हातानं चावी द्यायचं. मिरजेला लग्नात त्यांच्या बायकोच्या, प्रभावतीवहिनींच्या वडिलांनी जावयाला दिलेलं. कडेला लहानसं दातेरी बटण, त्यालाच ते चावी म्हणत. आता तसली घड्याळं कुणी वापरत नाही. त्यांचा मुलगा निलय वाढदिवसाला त्यांच्यासाठी नाडी मोजणारं काळं घड्याळ घेऊन आला होता, ते त्यांनी एक दिवस घातलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. ते म्हणाले, "याला मी काहीच करावं लागत नाही. मग ते माझं कसं?"

या चावीची गोष्ट त्यांनीच मला एकदा गच्चीवर सांगितली. मी पापड वाळत घालत होते आणि ते कबुतरं हाकलत होते. तरुणपणी ते बँकेत रोखपाल अधिकारी झाले. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही, मग मॅनेजर येवो की मंत्री. एकट्यानं उघडायचा नुसता विचारसुद्धा गुन्हा. घरी आल्यावर त्यांना रोज धाकधूक व्हायची, तिजोरी लावली ना? नीट लावली ना? जेवण जायचं नाही. मग त्यांनी आपल्यापुरती एक युक्ती काढली. घड्याळाला चावी द्यायची ती फक्त तिजोरी लावून झाल्यावर, तिच्यासमोर उभं राहून. वाटेत शंका आली की चावीला हात लावायचा. जेमतेम एखादा आटा फिरून ती अडली, की घड्याळ भरलेलं आहे. घड्याळ भरलेलं आहे म्हणजे तिजोरी लागलेली आहे. "इथे अडलं ना, की डोक्यातलं थांबतं," असं म्हणून त्यांनी मला अंगठा दाखवला. मला हसू आलं, पण त्या दिवसापासून माझा राग मात्र गेला. माणूस भित्रा असला तर असो, त्यानं आपल्या भीतीची सोय स्वतःच लावली होती.

निवृत्तीनंतर तिजोरी गेली आणि घराचं दार आलं. "मी आणि प्रभा इथले जॉइंट कस्टोडियन," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि वहिनी पदराआड हसत. दोघांकडे एकेक किल्ली. निलय आणि सून सोनल, दोघंही सीतापुऱ्यातल्या कंपन्यांत. सकाळी जातात ते अंधार पडता पडता येतात. नात अवनी दुसरीत आहे. दुपारी शाळेची व्हॅन तिला कॉलनीच्या फाटकाशी सोडते, आणि मध्ये तो रस्ता: पाण्याचे टँकर, कोचिंगची पोरं स्कूटीवर तिघं तिघं बसलेली. वहिनींच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. त्यामुळे अवनीला आणायचं काम वसंतरावांचं. व्हॅनच्या बऱ्याच आधी ते फाटकाशी जाऊन उभे राहत, आणि तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन, तिचा हात आपल्या हातात घट्ट धरून तिला घेऊन येत. तिजोरी गेल्यावर पडलेली त्यांची पोकळी तिनंच भरून काढली होती, असं मला वाटे.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मी उंबऱ्यावरची रांगोळी पुसत होते, तर जिन्यात काहीतरी चकाकलं. मला वाटलं चमकी आहे कुणाची. उचलून पाहिलं, तर दातेरी बटण. मी समोरची बेल वाजवली. वसंतरावांनी दार उघडलं तेव्हा ते डावं मनगट उजव्या हातानं गच्च धरून उभे होते, भाजल्यासारखे. माझ्या तळव्यावरचं बटण बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार चमत्कारिक वाटलं. घड्याळाची चावी निघाली म्हणून कुणी रडतं का?

आदर्श नगरात एका जिन्याखाली भंवरलालजींचं घड्याळाचं दुकान आहे. वसंतराव, वहिनी आणि मी, आम्ही तिघं रिक्षानं गेलो. भंवरलालजी बोलके, इतके की डोळ्याला भिंग लावूनही तोंड बंद नाही. पुतण्या मोबाइल विकतो, घड्याळाच्या कामाला हात लावत नाही, हे गाऱ्हाणं त्यांनी आम्हाला दोनदा ऐकवलं. बोलता बोलता त्यांनी घड्याळाची पाठ उघडली, आत कुठेसं सुईसारख्या हत्यारानं दाबलं आणि बाजूनं एक बारीक दांडी ओढून काढली, टाचणीएवढी. बटण त्या दांडीवर आट्यांनी बसतं. आटे ढिले झाले होते. त्यांनी ते पुसले, काडीच्या टोकानं चिकटवायच्या औषधाचा कणभर थेंब लावला, बटण फिरवून घट्ट केलं, दांडी परत आत सरकवली. "लो साहब, अब सालों नहीं निकलेगी."

वसंतरावांनी घड्याळ घेतलं, चावी दिली, ती अडेपर्यंत दिली. "झालं," ते म्हणाले.

सालों कुठलं? पौषात पुन्हा निघाली. या वेळी बटण दप्तरात अवनीला सापडलं. पुन्हा आम्ही आदर्श नगर गाठलं. भंवरलालजींनी दांडी उजेडात धरली आणि प्रथमच गप्प झाले. टोकाचे आटे पार गुळगुळीत झाले होते. "साहब, दिन में कितनी बार भरते हो?"

"एक बार."

"ज़ोर लगाते हो?"

"रुकने तक. बस."

भंवरलालजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी वसंतरावांच्या अंगठ्याकडे. कातडी जाड होऊन उभी चिरली होती. दिवसातून एकदा चावी देणाऱ्या माणसाचा अंगठा असा होत नाही, हे कळायला घड्याळजी असावं लागत नाही. नवी दांडी घालून, ती मापाला कापून त्यांनी घड्याळ परत दिलं.

मग मी कान देऊन ऐकू लागले. कुणाच्या घरात डोकावू नये हे मला कळतं, पण जिना सगळ्यांचा आहे. वसंतराव दार लावायचे, ओढायचे, किर्र किर्र, "झालं." चार पायऱ्या उतरायचे. परत वर यायचे. कडी ओढायची, किर्र किर्र. यायचे, जायचे. भरलेल्या घड्याळाला माणूस जोर लावत राहिला तर ते दुसरं काय करणार? एखाद्या वेळी तर ते खाली फाटकापर्यंत जाऊन परत यायचे, धापा टाकत. दार लावलंय की नाही हे आता त्यांना आठवत नव्हतंच, पण चावी अडली होती की नाही हेही जिन्याच्या वळणाशी जाईपर्यंत पुसलं जात होतं. ती अडायची तेवढ्या क्षणापुरतं मात्र त्यांना बरं वाटायचं. तेवढाच त्यांचा आधार उरला होता.

आणि मग जानेवारीतली ती दुपार. माझी बेल वाजली. दारात वसंतराव, हात धरून अवनी. ते अत्यंत अदबीनं म्हणाले, "मॅडम, ही मुलगी खाली एकटीच उभी होती. कुणाची आहे, काही कल्पना आहे का?"

अवनी खो खो हसली. तिला वाटलं, आजोबांनी नवा खेळ काढला. मीही हसले, "भाऊजी, पुरे झाली थट्टा." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, अवनीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग तेही हसले. पण उशिरा हसले.

मी तशीच वहिनींकडे गेले. त्या मटार सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही, म्हणजे त्यांना हे नवं नव्हतं.

"वहिनी, निलयला माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

"का म्हणून?"

"तो काय म्हणाला ठाऊक आहे? 'आई, बाबांचं काही गडबड असेल तर साफ सांग. मतलब, अवनीला मग डे-केअरमध्ये टाकू आणि किल्ली त्यांच्याकडे ठेवायची नाही.' असं. जेवता जेवता." वहिनींनी एक शेंग उगाचच चिरडली. "किल्ली आणि अवनी, मीनाक्षी. एवढंच उरलंय त्यांच्याकडं. ते काढून घेतलं तर हा माणूस सकाळी उठायचा कशासाठी?"

"आणि पोरीला काही झालं तर?"

त्यांनी सोललेले दाणे पुन्हा निवडायला घेतले. मला त्यांचा रागही आला आणि त्यांची कीवही आली. दोन्ही एकदमच. मी म्हटलं, "होळीपर्यंत बघते. मग मीच निलयला सांगेन. मला घाबरत असाल तर आत्ताच घाबरून घ्या." त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून मी दुपारी गॅलरीत उभी राहू लागले, फाटकावर नजर ठेवून. वसंतराव पोरीला नीट आणत होते. तिचा हात ते कधी सोडत नसत, ती कोण हे आठवत असो की नसो.

माघात चावी तिसऱ्यांदा निघाली. या वेळी वहिनींनी त्यांना न सांगताच घड्याळ पर्समध्ये घातलं आणि गुडघे चोळत माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. भंवरलालजींना त्या म्हणाल्या, "भैया, ऐसा कुछ करो, कि वो कितना भी घुमाएँ, ये टूटे नहीं."

भंवरलालजी विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. कामाचा खरा आनंद झालेला माणूस कसा दिसतो, ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी समजावलं, की हातानं चावी द्यायच्या घड्याळात स्प्रिंगचं टोक अडकवलेलं असतं. स्प्रिंग भरली की पुढे जायला जागाच नाही, म्हणून चावी अडते, आणि वर आणखी जोर लावला की आटे जातात. पण आपोआप चालणाऱ्या घड्याळाची स्प्रिंग वेगळी. ती भरली की ज्या डबीत बसवलेली असते तिच्या भिंतीवरून आतल्या आत घसरते. ती मोडत नाही आणि अडतही नाही. त्यांच्याकडे एका मोडक्या घड्याळातली तसली स्प्रिंग होती, मापाला जवळपास सारखी. "माताजी, फिर घुमाते रहो दिन भर. चाबी की ज़िंदगी भर की छुट्टी."

वहिनींनी हात जोडले. मीही म्हटलं, वा. घड्याळ बिघडलं नाही तर निलयला संशय यायचं एक कारण कमी, आणि वसंतरावांच्या डोळ्यांत ते पाणी पुन्हा बघावं लागणार नाही. आम्ही दोघी रस्त्यात रबडी खाऊन घरी आलो.

वसंतरावांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि चावी दिली. दिली, आणखी दिली. कपाळाला आठी पडली. "प्रभा, हे अडत नाही."

"नवीन स्प्रिंग आहे हो. तसंच असतं."

"पण मग भरलं हे कळायचं कसं?"

"भरलंय. मी सांगते ना."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास होता आणि भीतीही होती, शाळेत पहिल्यांदा सोडलेल्या मुलाच्या डोळ्यांत असते तशी. मग त्यांनी बाही खाली ओढली. गच्चीवरचं त्यांचं बोलणं मला आठवायला हवं होतं. वहिनींना तर ते माझ्याआधीपासून ठाऊक होतं. पण आम्हा दोघींच्याही डोक्यात त्या वेळी एकच होतं, चावी निघू नये.

आणि चावी खरंच निघाली नाही. होळी झाली, गणगौर झाली. निलयनं एका रविवारी सरळच विचारलं, "आई, बाबा ठीक आहेत ना?" वहिनी म्हणाल्या, "त्यांना काय झालंय? ते घड्याळच सारखं बिघडत होतं, आता झालं नीट." तो बिचारा लॅपटॉपकडे वळला. मी ठरवल्याप्रमाणे बोलणार होते. पण वसंतराव बरे दिसत होते, उलट शांत झाले होते, जिन्यात यायचे-जायचे नाहीत. फक्त दारासमोर जास्त वेळ उभे राहायचे. किर्र किर्र, किर्र किर्र, किर्र किर्र. पूर्वी शेवटी "झालं" ऐकू यायचं. आता ते ऐकू येत नव्हतं. वहिनी आतून म्हणायच्या, "झालं हो, लागलंय दार, जा आता," आणि तेवढ्यानं त्यांची पावलं जिन्यावर वाजायची.

वैशाखात जयपूरजवळच्या चौमूंहून निरोप आला. तिथल्या बँकेत श्रेयस नावाचा एक कोल्हापूरचा मुलगा आहे, वसंतरावांना फार मानतो. त्याला मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं, आणि त्याची बायको मैथिली फोनवर रडत होती. तिच्या आईचा पाय मोडलेला, ती येऊ शकत नव्हती आणि चौमूंत पाळणा म्हणणारं कुणी नाही. "काकू, मोबाइलवर लावून नाही हो करायचं. तुम्ही या." वहिनी चांगल्या गातात. पण त्या चुळबुळत होत्या. वसंतराव म्हणाले, "जा. पोरीला नाही म्हणू नकोस. मी आहे ना. चार्ज माझ्याकडे."

आम्ही दोघी टॅक्सीनं गेलो. वहिनींनी मोरपिशी इरकल नेसलं होतं. पाळणा त्यांनी इतका गोड म्हटला की शेजारच्या राजस्थानी बायकाही घुंगट सावरत गप्प बसल्या. मधूनच त्यांनी स्पीकर लावून घरी फोन केला. अवनीला आणून झालं होतं. वसंतरावांचा आवाज स्वच्छ होता, "आणली. दूध ठेवलंय तापत. तू सावकाश ये." वहिनींचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही, कारण फोन ठेवता ठेवता मला त्यात किर्र किर्र ऐकू आलं. घरात असताना ते कधीच चावी देत नसत.

निघताना पुन्हा फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. सीकर रोडवर गाड्या खोळंबल्या होत्या, खिडकीतून तापलेल्या वाऱ्याची लू आत येत होती. पुन्हा लावला. पुन्हा.

"वहिनी, निलयला फोन लावा."

"पोचतोच आपण."

"कसल्या पोचतो? अख्खं शहर ओलांडायचंय अजून!"

"त्याला कळलं तर सगळं संपेल, मीनाक्षी. झोपले असतील ते. कूलरच्या आवाजात ऐकू नाही जात." त्यांच्या मांडीवर ओटीचा नारळ होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी माझ्या फोनवरून निलयला लावला. त्यानं उचलला नाही, मीटिंगमध्ये असेल. वहिनींनी मला अडवलं नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. टॅक्सीवाल्यानं गाणी लावली होती, ती मी बंद करायला लावली.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर करपलेल्या दुधाचा वास आला. आणि वरून आवाज. किर्र किर्र, किर्र किर्र. मी वहिनींना मागे टाकून धावत वर गेले.

वसंतराव बंद दाराकडे तोंड करून उभे होते. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. डाव्या मुठीत किल्ली, आणि उजवा अंगठा चावीवर. चिरलेल्या अंगठ्यातून रक्त आलं होतं, घड्याळाच्या काचेवर त्याचे डाग होते, तरी तो फिरतच होता. दाराच्या फटीतून धुराचा वास. आणि आतून, बसलेल्या घशानं, अवनी: "आजोबा, खोलो ना... आजोबा..."

"भाऊजी! काय करून राहिले? उघडा दार!"

ते वळले. मला त्यांनी ओळखलं नाही. "तिजोरी अजून लागलेली नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "बघा, अडतच नाही हे. लागल्याशिवाय मला जागा सोडता येत नाही."

"मग उघडा! किल्ली आहे ना हातात? द्या इकडे!"

त्यांनी मूठ छातीशी घट्ट धरली. "एका किल्लीनं उघडत नाही, मॅडम. नियम आहे."

मी त्यांच्या मुठीला झोंबले. बोटं लोखंडाची झाली होती. तेवढ्यात वहिनी कठड्याला धरून धरून वर आल्या, एकेका पायरीला कण्हत. त्यांच्या हातात त्यांची किल्ली तयार होती. वसंतरावांची नजर त्या किल्लीवर गेली, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"आलात मॅडम! केव्हाची वाट बघतोय. आत एक लहान मुलगी राहिली आहे. फार रडते आहे. कुणाची आहे कळत नाही. मला एकट्याला उघडता येईना. तुमची किल्ली लावा आधी."

वहिनींनी किल्ली लावली.

घरभर धूर होता. पातेलं काळंठिक्कर, शेजारी ठेवलेला हात पुसायचा कपडा कडेनं जळू लागला होता. मी गॅस बंद केला, कपडा मोरीत टाकला. गॅलरीचं दार उघडं होतं म्हणून बरं. अवनी माझ्या कमरेला चिकटली आणि हुंदके देत सांगू लागली. "दूध गॅसवर ठेवून आजोबा बाहेर गेले, बाहेरून दार लावलं, मी आवाज दिला तर बोलले, थांबा, दुसरे साहेब यायचेत." मी तिला कुशीत घेतलं. तिचे दोन्ही तळवे दार वाजवून लाल झाले होते.

वसंतराव आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे होते, वहिनींसमोर.

"सुटली का मुलगी?"

"सुटली," वहिनी म्हणाल्या.

"मग मला मोकळं करा आता. मी फार थकलो आहे." त्यांनी मूठ उघडली. किल्लीचा ठसा तळव्यावर उमटला होता. ती त्यांनी वहिनींच्या हातावर ठेवली. "चार्ज घ्या."

ही किल्ली त्यांच्या खिशात राहावी म्हणून ही बाई कित्येक महिने स्वतःच्या मुलाशी खोटं बोलली होती. तिनं मूठ मिटली. "घेतला," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. मग तिनं पर्समधून फोन काढला, तिथेच उंबऱ्यात उभ्या उभ्या, त्यांच्या देखत.

"निलय, घरी ये. हो, आत्ता. बाबांना काही आठवत नाही रे. बरेच दिवस झाले. मी लपवलं. अवनी ठीक आहे... आता अवनी त्यांच्याकडे नको. किल्ली मी काढून घेतली." आणि मग भिंतीला टेकून, इरकलीचा पदर तोंडात कोंबून, ती रडू लागली.

वसंतराव मान थोडी झुकवून, परक्याचं बोलणं कानावर पडल्यावर भला माणूस उभा राहतो तसे, संकोचून उभे होते. मग ते माझ्या जवळ आले, आणि वहिनींना ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांनी मला विचारलं, "बाईंच्या घरी काही वाईट झालंय का हो?"